जुने यंत्र, नवी डिस्क

‘जुने ते सोने’ असे आपण म्हणतो, आणि ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’ असेही म्हणतो. दोन्ही म्हणी आपल्या वाडवडिलांच्याच, आणि वापरलेले यंत्र विकत घेताना दोन्ही खऱ्या ठरतात. कोणती केव्हा लागू पडते, एवढे मात्र ओळखता आले पाहिजे. या आठवड्यात त्याच विषयावर लिहावयाचे आम्ही योजिले आहे. सुरतेहून आलेले एक पत्र आमच्या मेजावर आहे. त्याचे उत्तर एका घरापुरते देण्याऐवजी सर्व वाचकांसमोर ठेवावे, असे आम्हांस वाटले.

सुरत शहराच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली मराठी वस्ती मोठी आहे. पत्रलेखक गृहस्थ त्यांपैकीच एक. कापड रंगविण्याच्या कारखान्यात ते नोकरीस आहेत. मुलगा तंत्रनिकेतनात शिकतो. मूळ घर नंदुरबारकडे. तेथे थोरले बंधू आणि वृद्ध आई राहतात. घरात चार फोन आहेत आणि चारही काठोकाठ भरले आहेत. मुलांचे फोटो, शाळेचे दाखले, शेताचे उतारे, आजीने सांगितलेल्या गोष्टींचे ध्वनिमुद्रण, सारे काही त्या फोनांतच. मुलाचे म्हणणे असे की, हे सर्व एका जागी राहावे म्हणून घरात एक सर्व्हर ठेवावा. एका कचेरीतून निघालेला मोठा लोखंडी सर्व्हर त्याने पाहूनही ठेविला आहे. किंमत आठ हजार रुपये. वडिलांना वाटते की, पैसे मोजून भंगार घरात आणू नये. दोघांपैकी कोणाचे खरे, असा त्यांचा प्रश्न आहे.

आमच्या मते दोघांचेही अर्धे खरे आहे. सर्व्हर घरात असावा, तो वापरलेला असला तरी चालेल. पण तो लोखंडी सर्व्हर मात्र नको. याची कारणे आता क्रमाने सांगतो.

सर्व्हर हा शब्द ऐकला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे थंडगार खोलीतील कपाटाएवढी यंत्रे उभी राहतात. वास्तविक सर्व्हर हे कामाचे नाव आहे, आकाराचे नव्हे. जो संगणक रात्रंदिवस चालू राहून इतर यंत्रांनी मागितलेली वस्तू त्यांना पुरवितो, तो सर्व्हर. १९९० साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातील पहिला वेब सर्व्हर चालविला, तो त्यांच्या मेजावरचाच संगणक होता. कोणी नकळत बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईची एक चिठ्ठी डकविलेली होती. १९९६च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ज्या दोघा विद्यार्थ्यांच्या खटपटीतून पुढे गूगल उभे राहिले, त्यांनी चार-चार गिगाबाइटच्या दहा डिस्क लेगो या मुलांच्या खेळण्याच्या विटांनी केलेल्या पेटीत बसविल्या होत्या. तेव्हा साध्या सामानाने आरंभ करण्यात कमीपणा मुळीच नाही. घरातील फोटो आणि कागद सांभाळणे हे काम तर यंत्राच्या दृष्टीने अगदी हलके आहे.

बाजारात सध्या काय आहे

कचेऱ्या, बँका आणि मोठ्या पेढ्या आपले संगणक चारपाच वर्षांनी बदलतात. ते ठोक भावाने विकले जातात, साफसूफ होतात आणि पुन्हा दुकानात येतात. सुरतेत मजुरा गेटच्या परिसरात, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीत नेहरू प्लेसमध्ये अशा मालाची दुकाने आहेत. या प्रवाहाला अलीकडे एक मोठी भर पडली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा थांबविला. त्यापुढील विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे सहाव्या आणि सातव्या पिढीचे, अंगाने धडधाकट असलेले असंख्य संगणक कचेऱ्यांच्या दृष्टीने एकाएकी निरुपयोगी झाले.

सर्व्हरला मात्र विंडोजची गरज नाही. लिनक्स ही प्रणाली १९९१ साली लिनस टॉर्व्हल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने आरंभिली आणि तिच्यावर आधारलेली डेबियन ही प्रणाली १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक सांभाळीत आले आहेत. ती विनामूल्य मिळते आणि दहा वर्षांच्या यंत्रावरही सुखाने चालते. कचेरीने टाकलेले यंत्र घराला उपयोगी पडते ते यामुळे. येथे ‘जुने ते सोने’ ही म्हण खरी.

दुकानदार ‘आय-५ आहे’ एवढेच सांगेल. तेवढ्यावर समाधान मानू नये. २०११ सालचाही आय-५ असतो आणि २०१८ सालचाही असतो. त्यापुढचा अंक विचारावा. चार आकडी अंकातील पहिला आकडा पिढी सांगतो: ६५०० म्हणजे सहावी पिढी, ८५०० म्हणजे आठवी. शेवटी ‘टी’ हे अक्षर असेल तर तो कमी वीज खाणारा प्रकार समजावा. ६५००टी मध्ये चार गाभे आहेत, ८५००टी मध्ये सहा. घरच्या कामाला चारही पुरेसे आहेत. मेमरी आठ गिगाबाइट असली म्हणजे झाले. पण ती यंत्रासोबतच घ्यावी, कारण २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव बरेच चढले आणि मागाहून वेगळी घेण्यात स्वस्ताईची सारी कमाई निघून जाते.

विजेचा हिशेब

आता त्या लोखंडी सर्व्हरकडे वळू. दुकानातील चिठ्ठीवर जी किंमत असते ती यंत्राची अर्धीच किंमत होय. उरलेली अर्धी विजेच्या बिलातून दरमहा वसूल होते, आणि सर्व्हर कधीच बंद होत नसल्यामुळे ती रक्कम साधी नसते.

हिशेब सोपा आहे. एक वॅट वीज वर्षभर अखंड वापरली तर पावणेनऊ युनिट होतात. एका युनिटास सात रुपये धरू. वीज टॉरंट पॉवरची असो वा दक्षिण गुजरात वीज कंपनीची, वाचकांनी आपल्या बिलावरचा दर घालून पाहावा.

कपाटात बसविण्यासाठी केलेला जुना कचेरीचा सर्व्हर काही काम न करताही शंभर वॅटच्या वर सहज खातो. १२० वॅट धरले तर वर्षाला १०५१ युनिट, म्हणजे सुमारे ७३५० रुपये. पाच वर्षांचे झाले ३६ हजारांहून अधिक. त्याच्या पंख्यांचा आवाज असा असतो की, एका खोलीच्या घरात कोणाला झोप लागणार नाही. आठ हजारांची वस्तू पाच वर्षांत पंचेचाळीस हजारांच्या घरात जाते. चार आण्याची कोंबडी म्हणतात ती हीच.

कचेरीतला साधा उभा संगणक घेतला तर तो सुमारे चाळीस वॅट घेईल. वर्षाला ३५० युनिट, अडीच हजारांच्या जवळपास. तिसरा प्रकार आहे पुस्तकाएवढ्या लहान संगणकाचा. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी ही त्यांची नावे. फारसे काम नसताना ते दहाबारा वॅटवर राहतात. बारा वॅट म्हणजे वर्षाला १०५ युनिट, साडेसातशे रुपयांच्या आत.

समजा, उभा संगणक पाच हजारांना मिळाला आणि लहान संगणक दहा हजारांना. दुकानात उभा स्वस्त दिसतो. परंतु पाच वर्षांची वीज मिळविली म्हणजे उभा सव्वासतरा हजारांवर जातो आणि लहान पावणेचौदा हजारांत राहतो. तिसरे वर्ष सरता सरता दोघांची बरोबरी होते. त्यापुढे लहानाची बचत सुरू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. भाव रोज बदलतात, पण हिशेबाची रीत बदलत नाही. यंत्राची किंमत अधिक पाच वर्षांची वीज, ही बेरीज कागदावर मांडल्याशिवाय कोणी खिशात हात घालू नये.

नवे घ्यावयाचे झाल्यास इंटेलने २०२३च्या आरंभी काढलेल्या एन-१०० या प्रोसेसरचे लहान संगणक मिळतात. तेही कमी विजेचे. रास्पबेरी पाय या इंग्लंडच्या चिमुकल्या संगणकाने २०१२ साली ३५ डॉलर किमतीत येऊन मोठी खळबळ उडविली होती. तो आजही उत्तम आहे. परंतु त्याला अडॅप्टर, पेटी, डिस्क असे सर्व जोडले म्हणजे एकूण खर्च वापरलेल्या लहान संगणकाच्या आसपास पोहोचतो.

घरात जुना लॅपटॉप धूळ खात पडला असेल, तर प्रथम त्याचाच विचार करावा. तो कमी वीज घेतो आणि त्याची बॅटरी वीज गेल्यावर थोडा वेळ त्याला सावरून धरते. मात्र ती फुगलेली दिसली तर यंत्र लावू नये. जाणत्या माणसाकडून आधी ती काढवून घ्यावी. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

दुकानात गेल्यावर

वापरलेले यंत्र घेताना घाई करू नये आणि सकाळच्या वेळी जावे, म्हणजे दुकानदारालाही सवड असते. यंत्र चालू करून दाखविण्यास सांगावे आणि अर्धा तास चालू ठेवावे. पंखा घरघरत असेल किंवा यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर ते तेथेच ठेवून यावे. मागचे सर्व जोड, विशेषतः नेटवर्कच्या तारेचा, लावून पाहावे. सुरतेसारख्या गावात मागांच्या नि कापडबाजाराच्या भागात हवेत बारीक तंतू उडत असतात. ते पंख्यात आणि जाळीत अडकून यंत्र तापते. झाकण उघडून आत पाहू द्यावयास दुकानदाराची हरकत नसावी.

अडॅप्टर त्याच कंपनीचा, योग्य वॅटचा आहे ना, हे पाहावे. लहान संगणकाला अडॅप्टर बाहेरून लागतो आणि पुष्कळदा कोणता तरी नकली त्याच्या गळ्यात बांधलेला असतो. यंत्राच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, आधीच्या कचेरीचा संकेतशब्द राहिला असेल तर तो दुकानदाराकडूनच काढून घ्यावा. घरी आल्यावर तो निघणे कठीण.

बिल मागावे, आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. बिल देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून काहीच घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि अतिशय स्वस्त भाव हा पुष्कळदा पहिला इशारा असतो. थोड्या दिवसांची तरी हमी बिलावर लिहून घ्यावी. दोनपाचशे रुपये जास्त पडले तरी हरकत नाही.

आणखी एक गोष्ट. जुन्या यंत्रातील डिस्कवर आधीच्या धन्याची पत्रे, हिशेब, घरचे फोटो राहून गेलेले आढळतात. ते उघडून पाहू नयेत. रस्त्यात सापडलेले पत्र आपण फोडीत नाही, तसेच हे. डिस्क पूर्ण पुसून टाकावी आणि मगच यंत्र कामाला लावावे. आपले यंत्र विकताना आपणही हीच काळजी घ्यावी.

डिस्कची गोष्ट

प्रोसेसर, मेमरी, पेटी यांत हलणारे काही नसते. पंखा सोडला तर झिजण्यासारखे त्यांत फार थोडे. म्हणून ती जुनी घेता येतात. हार्ड डिस्कचे तसे नाही. तिच्यात तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेत असते आणि तिच्या पृष्ठभागावरून केसाच्या जाडीच्याही अगदी लहान अंशाएवढ्या अंतरावरून एक सुई फिरते. यंत्र बिघडले तर दुसरे आणता येते. डिस्क गेली तर तिच्यावरचे फोटो आणता येत नाहीत. पैसा वाचवावयाचा तो पेटीत वाचवावा, डिस्कमध्ये नव्हे, हा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे.

डिस्कच्या पोटात तिच्या प्रकृतीची नोंद होत असते. तिला स्मार्ट असे म्हणतात आणि ती वाचण्याचे स्मार्टमॉनटूल्स, क्रिस्टलडिस्कइन्फो असे कार्यक्रम फुकट मिळतात. डिस्क किती तास चालली हे त्यात दिसते. ८७६० तास म्हणजे अखंड एक वर्ष. निकामी झाल्यामुळे बदललेल्या जागांचा आकडा आणि दुरुस्तीच्या प्रतीक्षेतील जागांचा आकडा, हे दोन्ही शून्य असले पाहिजेत. एकही चढलेला दिसला तर ती डिस्क घेऊ नये.

पण शून्य दिसले म्हणून निर्धास्तही होऊ नये. २००७ साली गूगलच्या संशोधकांनी आपल्याकडील लक्षाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसून आले की, ज्या डिस्क बंद पडल्या त्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांच्या नोंदीत यांसारखी ठळक लक्षणे मुळीच नव्हती. माणूस जसा हिंडताफिरता एकाएकी जातो, तशी डिस्कही जाते. भरीला फसवणुकीचा धोका आहे. २०२५च्या जानेवारीत जर्मनीत उघडकीस आले की, कित्येक हजार तास राबलेल्या डिस्क तासांची नोंद शून्यावर आणून कोऱ्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. तिकडच्या चांगल्या दुकानांतून घेणारेही त्यात फसले. असे असता रस्त्यावरच्या बाजारातील डिस्कचा भरवसा कोणी द्यावा?

म्हणून डिस्क नवी घ्यावी, हमीची घ्यावी. फार मोठीही नको. फोनवरचा एक फोटो चार मेगाबाइटचा धरला तर एक टेराबाइटमध्ये अडीच लाख फोटो मावतात. चलच्चित्रे अधिक जागा घेतात, मिनिटाला शंभर मेगाबाइटच्या पुढे. ज्या घरी त्यांचा साठा मोठा आहे त्यांनी दोन टेराबाइट घ्यावी. लहान संगणकात मोठ्या आकाराची डिस्क बसत नाही, हेही घेण्यापूर्वी ध्यानात असावे. त्याला अडीच इंची डिस्क किंवा बाहेरून जोडावयाची डिस्क लागते.

ठेवावयाचे कोठे

सुरतेची हवा दमट आणि उन्हाळा कडक. यंत्र बंद कपाटात, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. वीज वारंवार जात असेल तर लहान यूपीएस लावावा. लिहिता लिहिता वीज तुटली म्हणजे डिस्कवरचे लेखन अर्धवट राहते.

परंतु सुरतेत यंत्राच्या जागेचा विचार करताना आणखी एका गोष्टीचा विसर पडून चालणार नाही, आणि ती म्हणजे तापी. २००६च्या ऑगस्ट महिन्यात उकाई धरणातून सेकंदाला सुमारे नऊ लाख घनफूट पाणी नदीत सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. आमचे पत्रलेखक त्या वेळी तळमजल्याच्या खोलीत राहत होते. लग्नाचा आल्बम, प्रमाणपत्रे, पेटीतले कागद, सारे चिखलात गेले. ते लिहितात की, आज घरातील भिंतीवर त्यांच्या वडिलांचा जो फोटो आहे तो केवळ याच कारणाने आहे की, त्याची एक प्रत गावच्या घरी थोरल्या भावाने जपून ठेविली होती. वडिलांचा दुसरा फोटो जगात कोठेही नाही.

दुसरी प्रत

या एका वाक्याने आमच्या सर्व लेखाचे काम केले आहे. कितीही उत्तम सर्व्हर घेतला, कितीही नवी डिस्क घातली, तरी एका घरात असलेली वस्तू ही एकच वस्तू. पूर, आग, चोरी ही घर पाहून येतात. डिस्क मोजून येत नाहीत. पुष्कळांची अशी समजूत असते की, एका यंत्रात दोन डिस्क घालून दोन्हींवर एकाच वेळी लेखन केले म्हणजे काम भागले. त्याने डिस्क बिघडण्याचा धोका टळतो, हे खरे. पण मुलाच्या हातून चुकून फोटो पुसले गेले तर ते दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसले जातात, आणि पुराचे पाणी दोन्हींना सारखेच भिजविते.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम जगभर पाळला जातो: प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. आम्हां धर्मगुरूंना ही कल्पना नवी वाटत नाही. १९१७च्या कॅनन कायद्याने असे घालून दिले होते की, धर्मग्रामातील बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू आदी नोंदवह्यांची अधिकृत प्रत वर्षअखेरीस धर्मप्रांताच्या कचेरीत धाडावी. चर्चला आग लागली, वाळवी लागली, तरी माणसाची नोंद नाहीशी होऊ नये, हाच अशा प्रतीचा उपयोग. वहीच्या जागी डिस्क आली, एवढाच फरक.

घरी हे करावे कसे? नंदुरबारचे घर हीच या कुटुंबाची कचेरी. बाहेरून जोडावयाच्या दोन साध्या डिस्क घ्याव्यात. एकीवर सर्व्हरवरील साऱ्याची प्रत उतरवून, ती कपड्यांत नीट गुंडाळून गावी न्यावी आणि कोरड्या पेटीत ठेवावी. दुसरी सुरतेत राहील आणि तिच्यावर दर रविवारी नवी प्रत उतरेल. नाताळात, मेच्या सुटीत गावी जाणे होतेच. त्या वेळी सुरतेची डिस्क गावी ठेवावी आणि गावची परत आणावी. उधन्याहून जळगावकडे जाणारी गाडी नवापूर, नंदुरबारवरूनच जाते. तिकिटापलीकडे खर्च काही नाही. थोरल्या बंधूंच्या घरी बरे इंटरनेट असेल, तर सिंकथिंग या विनामूल्य कार्यक्रमाने दोन्ही घरची यंत्रे एकमेकांशी जोडता येतात; परंतु तेथेही चुकून पुसलेले दुसरीकडे पुसले जाऊ शकते, म्हणून पेटीतली डिस्क सोडू नये.

आणि वर्षातून एकदा तरी त्या डिस्कवरचे चार फोटो उघडून पाहावेत. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबणे म्हणजे न मोजलेल्या पैशावर लग्न ठरविणे.

उरलेली व्यवस्था मुलगा करू शकेल. घरातल्या घरात फायली वाटण्यास सांबा, फोनमधले फोटो आपोआप यंत्रावर यावेत म्हणून इमिच किंवा नेक्स्टक्लाउड, असे विनामूल्य कार्यक्रम आहेत. फक्त एक पथ्य पाळावे: सर्व्हरचे दार इंटरनेटवर सरळ उघडे टाकू नये. बाहेरगावाहून पाहणे आवश्यकच असेल तर वायरगार्डसारखा बंदिस्त मार्ग वापरावा. तोपर्यंत घरातल्या घरात चालले तरी काही बिघडत नाही.

आता पैशाची वाटणी. समजा, या कामासाठी वीस हजार रुपये बाजूला काढावयाचे आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक पेटीवर घालू नयेत. उरलेल्यांत सर्व्हरची नवी डिस्क आणि प्रतींच्या दोन डिस्क येतील एवढे पाहावे. तेवढे जमत नसेल तर पेटी आणखी जुनी, आणखी साधी घ्यावी, किंवा घरचा लॅपटॉपच लावावा; पण दुसरी प्रत काटू नये. तेवढेही जमत नसेल तर सर्व्हर पुढच्या वर्षी घ्यावा, आणि या वर्षी बाहेरची एक डिस्क आणून चारही फोनांची प्रत तिच्यावर उतरवून ती गावी पोहोचवावी. सर्व्हर ही सोय आहे. दुसरी प्रत ही गरज आहे.

जे यंत्र खरोखरच मेले ते भंगारवाल्याच्या हाती देऊन तारा जाळावयास लावू नये. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडे किंवा कंपनीच्या संग्रहकेंद्राकडे ते सोपवावे.

तेव्हा उधन्याच्या त्या घरास आमचे सांगणे एवढेच. मुलाने तो लोखंडी सर्व्हर विसरावा आणि सहाव्या किंवा आठव्या पिढीचा एक लहान संगणक शोधावा. शोधताना वडिलांना बरोबर न्यावे, कारण कारखान्यात वर्षानुवर्षे यंत्रांच्या सहवासात राहिलेल्या माणसाच्या कानाला बिघडलेला पंखा लवकर कळतो. वडिलांनी जुन्या यंत्राला भंगार म्हणू नये. आणि आजीच्या गोष्टींचे जे ध्वनिमुद्रण आज एकाच फोनमध्ये आहे, त्याची प्रत या रविवारीच दुसरीकडे उतरवावी. त्यासाठी यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.